कुंडीतले पाणी आणि कुंडीतली हवा

घरातील कुंड्यांना किती दिवसांनी पाणी घालावे, हा प्रश्न रोपवाटिकेतून झाड घरी आणतानाच विचारला जातो आणि ‘दिवसाआड’ किंवा ‘आठवड्यातून दोनदा’ असे त्याचे उत्तरही लगेच मिळते. परंतु दिवसांत सांगितलेले कोणतेही उत्तर फार काळ खरे राहत नाही, कारण मनीप्लांटची जी वेल मे महिन्यात नागपूरच्या गॅलरीत दोन दिवसांत कुंडी कोरडी करते, तिलाच ऑगस्टमधल्या मुंबईच्या दिवाणखान्यात तेवढे पाणी संपवायला दहा-बारा दिवसही लागू शकतात. झाडाची जात, कुंडीचे आकारमान, मातीचा पोत, खिडकीतून येणारा उजेड आणि हवेतील कोरडेपणा या साऱ्यांवर पाण्याची गरज ठरते आणि यांपैकी काही गोष्टी ऋतूगणिक बदलतात. त्यातही एक बाब सहसा ध्यानात येत नाही. घरात वाढवलेली झाडे तहानेने जितकी मरतात, त्याहून अधिक मुळांना हवा न मिळाल्याने मरतात. म्हणून पाणी केव्हा आणि किती, हे ठरवताना कुंडीतल्या पाण्याबरोबर कुंडीतल्या हवेचाही विचार करावा लागतो.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी फारच थोडे पाणी झाडाच्या शरीरात राहते किंवा अन्न तयार करण्याच्या कामी येते. ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरील नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून, वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर झाडाला ही छिद्रे उघडावीच लागतात आणि ती उघडली की पाणी निसटते, त्यामुळे झाडाचे सारे जगणे या देवाणघेवाणीवर चालते. इंग्लंडमधील टेडिंग्टन गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पातळ पत्र्याने झाकली, म्हणजे मातीतून थेट वाफ जाणार नाही अशी व्यवस्था केली, आणि ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलून झाड किती पाणी सोडते हे मोजले. ते प्रमाण दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम भरले. उष्ण आणि कोरड्या दिवशी ही घट वाढे, तर दव पडलेल्या रात्री ती थांबे, ही त्यांची नोंद १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आहे. कोकणातल्या दमट पावसाळी हवेत कुंडी दिवसेंदिवस ओली का राहते, याचे कारण त्या नोंदीत सापडते, कारण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असेल तर पानांतील पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही.

पाणी झाडाला मिळते ते मातीतून, आणि मातीच्या बाबतीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली वाफसा ही कल्पना कुंडीलाही तंतोतंत लागू पडते. भरपूर पाणी दिल्यानंतर मातीच्या कणांमधील सगळ्या पोकळ्या काही काळ पाण्याने भरून जातात. मग मोठ्या पोकळ्यांतील पाणी स्वतःच्या भाराने खाली निथळते आणि तेथे हवा शिरते, तर बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहते. पाणी आणि हवा दोन्ही एकाच वेळी मुळांच्या हाताशी असण्याची ही अवस्था म्हणजे वाफसा होय. त्यानंतर मुळे जसजशी पाणी ओढत जातात, तसतसे उरलेले पाणी कणांना अधिकाधिक घट्ट चिकटते आणि अखेर अशी पातळी येते की मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही व झाड कायमचे कोमेजते. या पातळीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेच्या कृषी खात्यातील लायमन ब्रिग्ज आणि होमर शान्ट्झ यांनी केला आणि तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या जातींच्या झाडांवर प्रयोग केल्यावर त्यांना असे दिसले की ही पातळी झाडाच्या जातीपेक्षा मातीच्या पोतावर कितीतरी अधिक अवलंबून असते. रेताड मातीत वजनाच्या दोन-चार टक्केच पाणी उरले असता झाड कोमेजते, तर भारी काळ्या मातीत वीस टक्क्यांच्या आसपास पाणी शिल्लक असतानाही तेच घडू शकते. हाताला ओलसर लागणारी काळी माती झाडाच्या दृष्टीने कोरडी असू शकते, ही गोष्ट त्यामुळेच शक्य होते.

वाफसा ओलांडून सतत पाणी साचले तर काय होते, हे समजून घेण्यासाठी मुळेही श्वसन करतात हे लक्षात घ्यावे लागते. पाने उजेडात प्राणवायू तयार करतात, परंतु तो मुळांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मुळांना तो मातीतल्या हवेतूनच घ्यावा लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग इतका मंद असल्यामुळे पाण्याने गच्च भरलेल्या कुंडीत मुळे अक्षरशः गुदमरतात. श्वसन थांबले की क्षार आत ओढून घेण्याची त्यांची शक्ती जाते, टोके मरतात आणि मेलेल्या भागावर पिथियम व फायटोफ्थोरा यांसारखे सूक्ष्मजीव वाढतात, ज्यांचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत एका मुळाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. येथेच घरोघरी होणारा सर्वांत मोठा गैरसमज उद्‌भवतो. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्याने अशा झाडाची पाने माना टाकतात, ती तहानलेल्या झाडासारखीच दिसतात, आणि माणूस काळजीपोटी आणखी एक तांब्या ओततो. फरक ओळखण्याचा मार्ग सोपा असून तो पानांत शोधण्याऐवजी मातीत शोधला पाहिजे. माती कोरडी आणि कुंडी हलकी असताना पाने मलूल झाली असतील तर झाड तहानलेले आहे. माती ओली असताना ती मलूल झाली असतील, खालची पाने पिवळी पडत असतील, बुंधा मऊ लागत असेल आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर पाणी हाच रोग आहे.

कुंडीतली माती शेतातल्या मातीसारखी वागत नाही, हे तर कुंडीत झाड लावणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. शेतात निथळणारे पाणी खालच्या थरातील माती खेचून घेते, कुंडीत मात्र तळ येतो आणि त्याखाली केवळ हवा असते, त्यामुळे केशाकर्षणाने, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या धरून ठेवण्याच्या बळाने, तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि तळाला कितीही भोके पाडली तरी तो जात नाही. भांडी घासण्याचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला आणि ठिबकणे थांबल्यावर तोच उभा केला, तर पुन्हा पाणी गळू लागते. कुंडीतही असेच घडते, कारण या अडकलेल्या थराची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर ठरत नाही. यावरून असे दिसते की एकाच मातीने भरलेल्या उथळ आणि खोल कुंड्यांपैकी उथळ कुंडीचा मोठा हिस्सा ओलाकच्च राहतो. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची सार्वत्रिक पद्धतही याच कारणाने उपयोगाची नाही, कारण पाणी बारीक कणांच्या थरातून भरड थरात सहजी उतरत नाही आणि अडकलेला थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ, सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापर ठेवणे माती वाहून जाऊ नये म्हणून पुरेसे असते. निचरा सुधारायचा असेल तर तो संपूर्ण मातीत भरड घटक मिसळूनच सुधारतो. लहानशा रोपाला ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठ्या कुंडीत लावण्यातला धोकाही असाच आहे, कारण मुळे जेथे पोहोचलेलीच नाहीत तेथले पाणी कोणी ओढत नाही आणि ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते.

देशावरील काळी माती शेताला कितीही मोलाची असली तरी कुंडीत ती एकटी भरू नये. तिच्यातील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात, त्यामुळे ओली असताना ती हवा अडवते आणि सुकल्यावर कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या भेगेतून सरळ खाली वाहून बशीत येते आणि माणसाला कुंडी तृप्त झाल्याचा भास होतो, मधला मातीचा गोळा मात्र ठणठणीत कोरडाच असतो. कोकणातील लाल मातीचा निचरा तुलनेने बरा असतो, आणि तिच्यात गांडूळखत, कोकोपीट व थोडी भरड वाळू मिसळली तर कुंडीसाठी चांगले मिश्रण तयार होते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातील काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. तो स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरतो, परंतु त्याचा वरचा थर लवकर सुकून फिकट होतो आणि आत भरपूर ओल असतानाही पाणी घालण्याचा मोह होतो. कुंडी कशाची आहे यानेही फरक पडतो. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या भिंतींतून पाणी झिरपून उडून जाते, तर प्लॅस्टिकच्या आणि चकाकत्या चिनी मातीच्या कुंडीत त्याला वर आणि खाली एवढेच मार्ग असतात. ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सढळ आहे त्यांनी मातीच्या कुंड्या घ्याव्यात आणि ज्यांना दिवसभर बाहेर राहावे लागते त्यांनी प्लॅस्टिकच्या, एवढा साधा नियमही पुष्कळ झाडे वाचवू शकतो.

पाणी घालण्याची वेळ झाली की नाही, हे पाहण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे बोट. मधल्या बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. तेथे ओल लागली तर थांबावे आणि कोरडे लागले तर घरात वाढणाऱ्या बहुतेक पानांच्या झाडांना पाणी द्यावे. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, तेथे बांबूची किंवा झाडूची एखादी काडी तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी काढली असता तिला चिकटलेल्या ओल्या मातीवरून आतली स्थिती कळते. त्याहून अचूक पद्धत हेल्स यांचीच आहे. कुंडी भरपूर भिजवून, निथळू देऊन उचलून पाहावी, मग झाड किंचित मलूल होऊ लागते त्या वेळी पुन्हा उचलावी, आणि या दोन वजनांतील फरक हाताला ओळखीचा झाला की पुढे मोजमापाची गरज राहत नाही. समजा, एखादी निथळलेली कुंडी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ३,२०० ग्रॅम भरली आणि झाड कोमेजू लागताना २,४०० ग्रॅम, तर झाडाच्या वापरातले पाणी ८०० ग्रॅम झाले. त्यातले निम्मे संपले, म्हणजे काटा २,८०० वर आला, की पाणी देणे योग्य ठरते. बाजारात मिळणारे स्वस्त ओलावामापक मात्र विश्वासार्ह नसतात, कारण ती साधने पाण्यापेक्षा मातीतून वीज किती सहज वाहते हे मोजतात आणि खताचे क्षार जास्त असतील तर कोरडी मातीही ओली दाखवतात.

किती पाणी घालावे याचे उत्तर केव्हा घालावे यापेक्षा सोपे आहे. घालायचे तेव्हा तळाच्या भोकातून पाणी वाहू लागेपर्यंत घालावे, आणि मग पुन्हा गरज पडेपर्यंत थांबावे. रोज अर्धी वाटी पाणी शिंपडल्याने वरचा थर सदैव ओला आणि खालची मुळे सदैव कोरडी राहतात, मुळे वरच येऊ लागतात, आणि ओल्या पृष्ठभागावर चिलटांसारख्या बारीक माश्यांची पैदास होते. झारीने सावकाश, सगळ्या पृष्ठभागावर, मध्ये थोडे थांबून पाणी दिले तर ते कडेने पळत नाही. घातलेल्या पाण्याचा दहावा-पाचवा हिस्सा खालून निघून जाणे हितावह असते, कारण नळाच्या आणि विशेषतः कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार त्याबरोबर धुऊन जातात. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या टँकरवर चालणाऱ्या उपनगरांत कुंड्यांच्या कडांवर जो पांढरा थर चढतो आणि पानांची टोके करपतात, ती या क्षारांची खूण आहे. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, म्हणून ते कुंड्यांना सतत घालू नये. बशीत उतरलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. ते राहिले तर कुंडीचा तळ पाण्यातच बुडून राहतो, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात आणि बशीच्या कडेला चिकटलेली अंडी सुकूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, त्यामुळे बशी आठवड्यातून एकदा घासणेही आवश्यक असते.

झाडांच्या मूळ प्रदेशाकडे पाहिले तर त्यांच्या पाण्याच्या सवयी उलगडतात. कोरफड आणि स्नेक प्लांट दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, त्यामुळे त्यांचे पाणी फार थोडे उडते. पूर्व आफ्रिकेतील झेडझेड प्लांट जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतो. अशा झाडांची माती तळापर्यंत वाळू द्यावी, आणि पावसाळ्यात तीन-तीन आठवडे त्यांच्याकडे न पाहिले तरी चालते. उलट अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील जंगलांच्या सावलीत वाढणारी पीस लिली पाणी कमी पडताच सगळी पाने खाली टाकते आणि पाणी मिळाले की काही तासांत पुन्हा उभी राहते, म्हणून नवशिक्यांना तिच्यासारखे शिकवणारे दुसरे झाड नाही. सह्याद्रीत ओल्या कड्यांवर उगवणाऱ्या हंसराजाला मात्र एकदा वाळणेही सोसत नाही. सीतेची वेणी आणि तिच्या जातकुळीची आमरे, म्हणजे ऑर्किड, झाडांच्या फांद्यांवर वाढतात, त्यांच्या मुळांभोवती पाणी टिपणारे पांढरट आवरण असते आणि भिजल्यावर ते वाऱ्यावर सुकावे लागते, त्यामुळे मातीत पुरलेले आमर कुजणारच.

मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षे कसे जगते, हा प्रश्न येथे साहजिक आहे. पाण्यात फुटलेल्या मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या अधिक असतात, वेलीची हवेत राहिलेली पेरे त्यांना हवा पुरवतात आणि दर आठवड्याला बदललेल्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायूही असतो. चिखल झालेल्या कुंडीत मात्र कुजणारे पदार्थ आणि सूक्ष्मजीव तो प्राणवायू झपाट्याने संपवतात, आणि मातीत वाढलेल्या मुळांना त्या पोकळ्याही पुरेशा नसतात.

तुळशीचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ती महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे आणि पुष्कळदा पाण्यानेच मरते. अंगणातल्या वृंदावनात माती खोलवर असे, दिवसभर ऊन असे आणि वारा चारी बाजूंनी लागे, त्यामुळे रोज सकाळी घातलेले तांब्याभर पाणी तेथे खपून जाई. तीच तुळस सदनिकेच्या पूर्वेकडील खिडकीत, सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत, जेमतेम दोन तासांच्या उन्हावर वाढू लागली की तिची गरज कितीतरी घटते, पण तांब्या तोच राहतो. आषाढ-श्रावणात तिचा बुंधा मातीलगत काळा पडतो, पाने गळतात आणि घरातल्या माणसांना त्याची हळहळ वाटते. रोज पाणी वाहण्याची श्रद्धा सोडण्याचे काहीच कारण नाही, कारण पूजेच्या वेळी एक पळी पाणी अर्पण केल्याने कुंडी बिघडत नाही. झाडाला लागणारे खरे पाणी बोटाने माती पाहून वेगळे द्यावे, आणि हळद-कुंकू व दूध मातीत न घालता वृंदावनाच्या पायथ्याशी वाहावे, इतके पाळले तरी पुष्कळशा तुळशी पावसाळा काढतील.

उजेड आणि पाणी यांचे नाते थेट आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात तो काहीशे लक्सवर येतो, आणि अर्धअंधारातले झाड वाढतही कमी व पितही कमी, म्हणून गॅलरीतून दिवाणखान्यात हलवलेल्या कुंडीचे पाणी त्याच दिवशी कमी केले पाहिजे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत मोगरा, जास्वंद आणि गुलाब यांच्या लहान कुंड्यांना सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा पाणी लागू शकते. सकाळची वेळ सर्वांत चांगली, कारण दिवसाच्या उष्म्याआधी झाड भरून घेते आणि पानांवरचे थेंब लवकर सुकल्याने बुरशी धरत नाही. दुपारी घातलेल्या पाण्याचे थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, ही समजूत मात्र खरी नाही. हंगेरीतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुळगुळीत पानांवरील थेंबांनी कोठेही चटका बसला नाही, केवळ लव असलेल्या पानांवर थेंब वर तरंगत धरला गेला तरच तसे होण्याची शक्यता दिसली. दुपारी पाणी न घालण्याचे खरे कारण गच्चीवरच्या टाकीत आणि उन्हात पडलेल्या नळीत आहे, कारण तेथले पाणी मे महिन्यात हात भाजेल इतके तापते आणि मुळांना ते सोसत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला गावी जाताना कुंड्यांचे काय करावे, ही अडचण पुष्कळांना येते. कुंड्या उन्हातून काढून एकमेकींजवळ सावलीत ठेवल्या, भरपूर भिजवल्या आणि मातीवर पालापाचोळा पसरला तर आठवडाभर बहुतेक झाडे तग धरतात. मोठ्या कुंडीत झिलई नसलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि त्यावर झाकण ठेवावे. माती सुकेल तसतसे मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपते आणि माती ओली असली की झिरपणे मंदावते. ही पद्धत चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक ग्रंथात नोंदलेली आहे आणि मटका सिंचन या नावाने ती महाराष्ट्रातही नव्याने लावलेल्या रोपांसाठी वापरली जाते.

कुंडी पार वाळून गेली असेल आणि वरून घातलेले पाणी मुरत नसेल, तर ती बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून मग निथळू द्यावी. मुळे कुजू लागली असतील तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. झाड कुंडीतून अलगद काढावे, तपकिरी आणि बोटांत सोलली जाणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, पांढरी टणक मुळे ठेवावीत, आणि उरलेल्या मुळांना बेताची होईल अशा लहान कुंडीत, नव्या भुसभुशीत मिश्रणात, ते लावून सावलीत ठेवावे. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. एकही निरोगी मूळ उरले नसेल, तरी तुळस आणि मनीप्लांट यांची शेंड्याकडची हिरवी फांदी पेराच्या खाली कापून, खालची पाने काढून, पाण्यात ठेवली असता तिला नवी मुळे फुटू शकतात.